पुस्तक त्यांच्या फळीवर, वाचक आपल्या दारात

विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी एकमेकांच्या वाचकांना पुस्तकं कशी द्यावीत, त्यासाठी सामायिक व्यवस्था कशी उभारावी, यावर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मी विद्यापीठ ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर काम सुरू केलं आणि ग्रंथालयाच्या संगणक कक्षातून निवृत्त झाले. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

आमच्या आणि शेजारच्या तीन विद्यापीठांच्या ग्रंथपालांची बैठक झाली. सामायिक देवघेव सुरू करायची, यावर एकमत आहे. पुढच्या बैठकीचा एकच विषय आहे : सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं? तुम्ही काय सुचवाल?
(एक विद्यापीठ ग्रंथपाल)

सॉफ्टवेअर तूर्त बाजूला ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. निविदा निघाली की सगळ्यांचं लक्ष त्या कागदांत गुंततं. पुस्तक किती दिवस द्यायचं, कोणाला द्यायचं, हरवलं तर काय, हे सगळं 'नंतर बघू' म्हणून मागे पडतं आणि मागेच राहतं. मग पहिलं पुस्तक गहाळ झालं की दोन ग्रंथालयांत पत्रव्यवहार सुरू होतो आणि तिसऱ्या पत्रानंतर कोणीच कोणाला पुस्तक देईनासं होतं.

आधी चौघांनी मिळून करार लिहा. दोन-तीन पानं पुरतात. पहिलं कलम हरवलेल्या पुस्तकाचं असू द्या, कारण देणाऱ्याच्या मनातली खरी धास्ती तीच असते. पुस्तक देणाऱ्या ग्रंथालयाच्या दाराबाहेर पडल्यापासून परत तिथे जमा होईपर्यंत जबाबदारी मागणाऱ्या ग्रंथालयाची. वाटेत हरवलं तरी त्याची, विद्यार्थ्याने हरवलं तरी त्याची. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या आंतरग्रंथालयीन देवघेवीच्या संहितेतही हेच तत्त्व आहे. मागणाऱ्या ग्रंथालयाने भरपाई आधी करून टाकावी आणि आपल्या विद्यार्थ्याकडून वसुली आपल्या नियमाने, आपल्या वेळेत करावी. देणाऱ्याला त्या विद्यार्थ्याचं नावसुद्धा कळायचं कारण नाही.

दुसरं कलम होकाराचं. प्रत्येक विनंती ग्रंथपालाच्या सहीसाठी थांबणार असेल, तर ही व्यवस्था सुरू न केलेलीच बरी. नियम असा ठेवा : जे पुस्तक आपल्या विद्यार्थ्याला घरी नेता येतं, ते बाकीच्या तिघांच्या विद्यार्थ्यालाही मिळेल, विचारणा न करता. वाचकाने स्वतः तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या सूचीत, शोधायचं, स्वतः मागणी नोंदवायची, आणि ती थेट देणाऱ्या ग्रंथालयाच्या कपाटापाशी जाणाऱ्या सहायकाच्या यादीत उतरायची. १९९९ मध्ये कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि येल या तीन अमेरिकन विद्यापीठांनी 'बॉरो डायरेक्ट' ही सामायिक देवघेव सुरू केली ती याच तत्त्वावर. सुरुवात तीन ग्रंथालयांनीच केली होती, हेही लक्षात घ्या. तुम्ही चार आहात. तेवढे पुरेत, सगळ्या राज्याला गोळा करत बसू नका.

मुदत चारही ठिकाणी एकच हवी. आज एकाकडे पंधरा दिवस, दुसऱ्याकडे महिना, संशोधकाला आणखी वेगळी, असं असणारच. घरच्या देवघेवीत ते तसंच राहू द्या. सामायिक देवघेवीसाठी मात्र एकच मुदत आणि एकच मुदतवाढ ठरवा, आणि प्रवासाचे दिवस त्यात धरू नका. वाचकाला मिळणारी तारीख आणि देणाऱ्या ग्रंथालयाकडची तारीख या दोन वेगळ्या ठेवा, म्हणजे पुस्तक वाटेत असताना कोणाच्या नावावर दंड चढणार नाही.

काय द्यायचं नाही, याची यादी लहान ठेवा : संदर्भग्रंथ, दुर्मीळ पुस्तकं, चालू सत्रासाठी राखून ठेवलेल्या प्रती. बस. पैशांचा हिशेब सुरुवातीला नको. कोणी फार देतोय आणि कोणी फक्त घेतोय असं वर्षाअखेरीस दिसलं, तर तेव्हा तोडगा काढा. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, देशोदेशींच्या ग्रंथालयांसाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारी प्लॅस्टिकची व्हाउचर काढली. एका विनंतीला एक व्हाउचर द्यायचं, आणि मिळालेलं व्हाउचर पुढे आपल्या विनंतीसाठी वापरायचं. चलन बदलायला नको, बिल करायला नको. चार ग्रंथालयांत तेवढ्याचीही गरज पडेल असं मला वाटत नाही.

कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युअल ग्रीन यांनी १८७६ मध्येच ग्रंथालयांनी एकमेकांना पुस्तकं उसनी द्यावीत, असं पत्र 'लायब्ररी जर्नल'ला लिहिलं होतं. तेव्हा संगणक नव्हता. एकमेकांना द्यायची तयारी आणि नियम असले की टपालानेही काम होत होतं.

सामायिक तालिका मला करायची आहे. चारही ग्रंथालयांच्या नोंदी एका ठिकाणी आणाव्यात, की वाचकाने शोध घेतला की त्या क्षणी चारही सर्व्हरना विचारावं? दोन ठिकाणी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे, बाकी दोन ठिकाणी वेगवेगळी सॉफ्टवेअर.
(संगणक विभागातील एक प्रोग्रामर)

दोन्ही वाटा जुन्या आणि चाललेल्या आहेत. १९६७ मध्ये ओहायोतल्या महाविद्यालयांनी ओसीएलसी हे सामायिक संगणकीय केंद्र स्थापन केलं, ते एका मध्यवर्ती तालिकेसाठी. उलट १९९६ पासून चालणारी जर्मनीतल्या कार्ल्सरूहची आभासी तालिका स्वतःकडे एकही नोंद ठेवत नाही, वाचकाचा प्रश्न अनेक तालिकांकडे पाठवते आणि उत्तरं दाखवते.

झेड ३९.५० ही दुसऱ्याच्या तालिकेत शोधण्याची ठरलेली पद्धत वापरून चारही सर्व्हरना तिथल्या तिथे विचारणं सोपं वाटतं. पण सगळ्यांत मंद सर्व्हर जितका वेळ घेईल तितका वेळ वाचक थांबतो, आणि एक बंद असेल तर त्या ग्रंथालयाची पुस्तकं जगात नाहीतच असं दिसतं. शिवाय एकाच पुस्तकाच्या चार नोंदी त्या दोन-तीन सेकंदांत जुळवायच्या, हे नीट होत नाही. म्हणून मी मधली वाट सांगेन. ग्रंथसूचीच्या नोंदी रोज रात्री ओएआय-पीएमएच या नोंदी गोळा करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने मध्यवर्ती ठिकाणी खेचून घ्या आणि तिथेच जुळवा. पुस्तक आत्ता फळीवर आहे का, हे मात्र वाचकाने नोंद उघडली की त्या क्षणी त्या-त्या ग्रंथालयाला विचारा. कोहामध्ये या दोन्हींची सोय आहे : ओएआयचा सर्व्हर आहे आणि आयएलएस-डीआय नावाची सेवा आहे, तिला नोंदक्रमांक दिला की उपलब्धता सांगते. बाकी दोन सॉफ्टवेअरच्या विक्रेत्यांना हेच दोन प्रश्न लेखी विचारा, आणि उत्तरात 'पुढच्या आवृत्तीत येईल' असेल तर ते 'नाही' समजा.

आता जुळवणी. इथे तुमचे सगळ्यांत जास्त दिवस जाणार आहेत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, हाताशी आहे म्हणून त्यावरच सगळं सोपवू नका. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आला १९७० मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांना तो नाहीच, आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत नेमकी तीच पुस्तकं भरपूर असतात. २००७ पासून तो तेरा अंकी झाला, म्हणून जुने दहा अंकी क्रमांक आधी तेरा अंकी करून घ्या : शेवटचा तपासणी-अंक काढायचा, पुढे ९७८ लावायचं, तपासणी-अंक नव्याने काढायचा. काही नोंदींत अनेक खंडांच्या संचाला मिळून एकच क्रमांक दिलेला असतो. त्यावर जुळवलंत तर पहिला खंड आणि चौथा खंड एकच पुस्तक होऊन बसतील. म्हणून क्रमांकासोबत शीर्षकाचा सुरुवातीचा भाग, प्रकाशनवर्ष आणि खंडक्रमांकही ताडून पाहा.

शंका असेल तिथे जुळवू नका. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या तर वाचकाला एकाऐवजी दोन ओळी दिसतात, एवढंच. चुकीच्या जुळल्या तर त्याच्या हातात भलताच खंड पडतो, तोही आठवडाभर वाट पाहिल्यावर. आणि मूळ नोंदी कधी पुसू नका, त्यांचे गट करा. जुळवणीचा नियम तुम्ही पुढे बदलणारच आहात. तेव्हा सगळे गट मोडून नव्याने बांधता आले पाहिजेत.

देवनागरीतल्या नोंदींसाठी एक गोष्ट जवळून पाहा. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये हा 'ऱ्य' दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, किंवा साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका ग्रंथालयात नोंदी एका कळफलकावर टंकल्या आणि दुसरीकडे दुसऱ्या, तर एकच पुस्तक एकमेकांना ओळखणार नाही आणि तालिका शांतपणे 'सापडलं नाही' म्हणेल. पंडित आणि पण्डित, हिंदी आणि हिन्दी, हीसुद्धा तीच तऱ्हा. उपाय असा : दिसणारं शीर्षक जसं आहे तसं ठेवा, आणि शोधासाठी आतल्या आत एक वेगळी किल्ली बनवा. तिच्यात अदृश्य चिन्हं काढून टाका, ऱ चा र करा, अनुस्वार आणि परसवर्ण एकाच रूपात आणा, विरामचिन्हं गाळा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या नोंदी असतील तर त्या आधी रूपांतरित करून घ्या आणि रूपांतरित नोंदी माणसाने वाचल्याशिवाय आत सोडू नका. आणि जिथे नोंद फक्त रोमन लिपीत आहे, तिथे लेखकाचं नाव तीन-चार वर्णलेखनांनी येणार हे गृहीत धरा. नावांसाठी अधिकृत रूपांची एक सामायिक यादी लागते. ती तालिकाकारच करू शकतात, प्रोग्रामर नाही. त्यांना तुमच्या शेजारी बसवा.

विनंतीचा प्रवास स्वतःच्या भाषेत लिहू नका. ग्रंथालय ते ग्रंथालय या टप्प्यासाठी आयएसओ १८६२६ हे मानक २०१४ पासून आहे. १९९३ चं जुनं मानक फारच अवजड होतं. नव्यात तीनच प्रकारचे संदेश आहेत : विनंती, देणाऱ्याचा संदेश, मागणाऱ्याचा संदेश. पुस्तक देणार, पाठवलं, परत मिळालं, देऊ शकत नाही, या स्थिती त्यात ठरलेल्या आहेत. तुमची सामायिक यंत्रणा आणि प्रत्येकाचं घरचं देवघेव सॉफ्टवेअर यांच्यातल्या बोलण्यासाठी मात्र एनसीआयपी हे वेगळं मानक आहे. या दोन टप्प्यांची गल्लत करू नका. २०१८ पासून 'रीशेअर' नावाचा मुक्तस्रोत प्रकल्पही याच कामासाठी चालू आहे. त्याचा आराखडा नुसता वाचलात तरी निम्मे प्रश्न सुटतील.

आणि वाचकाचं नाव दुसऱ्या ग्रंथालयाकडे पाठवू नका. कोण काय वाचतंय, हे जपणं आपलं काम आहे. देणाऱ्याला विनंतीक्रमांक आणि मागणारं ग्रंथालय एवढं कळलं की पुरतं.

तालिकेत 'उपलब्ध' दिसलं म्हणून मी दुसऱ्या विद्यापीठातलं पुस्तक मागवलं. सहा दिवसांनी 'पुस्तक सापडत नाही' असं उत्तर आलं. मग उपलब्ध का दाखवता?
(एक संशोधक विद्यार्थिनी)

तुमचा राग रास्त आहे. संगणकाच्या लेखी 'उपलब्ध' म्हणजे पुस्तक कोणाच्या नावावर गेलेलं नाही, एवढंच. ते चुकीच्या फळीवर गेलेलं असू शकतं, बांधणीला गेलेलं असू शकतं, कोणीतरी वाचनकक्षात टेबलावर ठेवून गेलेलं असू शकतं. गेल्या साठा-पडताळणीत गहाळ निघालेलं पण संगणकात तसं नोंदवलेलंच नाही, असंही घडतं. हे शेवटचं अक्षम्य आहे.

पण सहा दिवसांचा दोष गहाळ पुस्तकाचा नाही. तुमची विनंती त्या ग्रंथालयात कोणाच्या तरी यादीत पडून राहिली. नीट बांधलेल्या व्यवस्थेत ती एका कामाच्या दिवसात फळीवर शोधली जाते आणि नाही सापडलं तर आपोआप पुढच्या ग्रंथालयाकडे सरकते. तुम्हाला कळतं ते फक्त शेवटचं उत्तर. सहायकाने 'नाही' नोंदवलं की त्या प्रतीची स्थिती त्याच क्षणी बदलली पाहिजे, नाहीतर पुढच्या विद्यार्थ्यालाही तोच अनुभव येईल. तुमच्या ग्रंथपालांना हे दोन मुद्दे लेखी द्या.

आवृत्ती कोणतीही चालत असेल तर विनंती करताना ते जरूर नोंदवा. पुष्कळदा दुसरी आवृत्ती शेजारच्या फळीवर असते आणि तुम्ही चौथी मागितली म्हणून 'नाही' येतं.

आमच्या ग्रंथालयाचा संग्रह चारांत सर्वांत मोठा आहे. सगळे आमच्याकडेच मागणार. आमच्याच विद्यार्थ्यांना पुस्तक मिळालं नाही तर त्यांना काय सांगायचं?
(ग्रंथालय समितीवरील एक प्राध्यापक)

धास्ती समजते. दोन गोष्टींनी ती आवरता येते. विनंती कोणाकडे आधी जावी हे यंत्राला सांगता येतं. एकच पुस्तक तिघांकडे असेल तर ज्याने या महिन्यात कमी दिली आहेत त्याच्याकडे आधी पाठवा. तुमच्याकडे एकट्याकडेच असलेली पुस्तकंच मग मुख्यतः तुमच्याकडे मागितली जातील. दुसरं, आपल्या विद्यार्थ्याने मागणी केली तर बाहेर गेलेलं पुस्तक ठरावीक किमान मुदतीनंतर परत बोलावण्याचा हक्क करारात ठेवा. अभ्यासक्रमातली पुस्तकं सत्र चालू असताना द्यायची नाहीत, हेही त्यात लिहा.

मात्र एक आकडा तुमच्या समितीपुढे ठेवा. पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात आपल्याच ग्रंथालयाची देवघेव तपासली. ग्रंथालयाने एका वर्षात संग्रहात घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कोणी घरी नेली नव्हती. एकाच विद्यापीठाचा तो अभ्यास, त्यावर तेव्हा वादही भरपूर झाला. तरी मोठ्या संग्रहात काम केलेल्या कोणालाही तो अविश्वसनीय वाटणार नाही. तुमच्या फळीवर न उघडता पडलेल्या पुस्तकाची वाट पाहणारा वाचक कदाचित दुसऱ्या विद्यापीठात बसला आहे. त्याला ते देण्याने तुमच्या विद्यार्थ्याचं काहीही कमी होत नाही.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती तुम्हीच समितीत अडवू शकता. सामायिक देवघेव सुरू झाली की कोणीतरी म्हणणारच, 'आता त्यांच्याकडून मिळतंच आहे, मग पुस्तकांची तरतूद कमी करू.' चौघांनीही असं म्हटलं की काही वर्षांत चारही ठिकाणी तीच जुनी पुस्तकं उरतात आणि एकमेकांकडून आणायला नवं काहीच राहत नाही. तरतूद कमी करायची नाही, हे करारातच लिहून घ्या. वाचलेला पैसा दुबार प्रतींऐवजी नव्या शीर्षकांवर लावा. हवं तर विषय वाटून घ्या. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी १९४८ पासून १९७२ पर्यंत 'फार्मिंग्टन योजने'त परदेशी प्रकाशनांचे विषय आणि देश असेच आपसांत वाटले होते. प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची निदान एक प्रत देशात कुठेतरी असावी, हा हेतू. तुमच्या चौघांत तर याची बोलणी एका दुपारी होतील.

बाहेरून आलेलं पुस्तक आमच्या काउंटरवर स्कॅन केलं की संगणक म्हणतो 'अशी नोंद नाही', किंवा आमचंच दुसरं पुस्तक दाखवतो. वहीत लिहून ठेवावं लागतं. पाकिटं बांधायचा वेळही फार जातो.
(देवघेव विभागातील एक सहायक)

या अंकातला सर्वांत कामाचा प्रश्न तुमचा आहे. अशी व्यवस्था चालते ती तुमच्या टेबलावर, आणि बैठकीत तुम्हाला बोलावलेलं नसतं.

आधी बारकोड. बहुतेक ग्रंथालयांत बारकोड म्हणजे दाखल क्रमांकच, पुस्तक संग्रहात नोंदवताना दिलेला अनुक्रमांकच, असतो. १२३४५ हा दाखल क्रमांक तुमच्याकडे आहे आणि बाकी तिघांकडेही आहे, म्हणून संगणक तुमचं भलतंच पुस्तक दाखवतो. पुस्तकांवरचे लाखो बारकोड बदलायची गरज नाही. सामायिक यंत्रणेत प्रत्येक क्रमांकापुढे ग्रंथालयाचं संक्षिप्त चिन्ह लावलं की तिथे गोंधळ संपतो. तुमच्या काउंटरसाठी, बाहेरून पुस्तक आलं की त्याची एक तात्पुरती नोंद तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप तयार व्हायला हवी आणि तिचा स्वतंत्र बारकोड पुस्तकासोबतच्या पट्टीवर छापलेला हवा. एनसीआयपी मानकात यासाठी खास संदेश आहे. तुम्ही पट्टी स्कॅन करायची, पुस्तक नेहमीसारखं विद्यार्थ्याच्या नावावर जायचं, आणि परत पाठवलं की ती तात्पुरती नोंद मिटायची. वही बंद होईल.

पट्टीबद्दल थोडं सविस्तर. जाड कागदाची, चार बोटं रुंद पट्टी मुखपृष्ठाभोवती गुंडाळायची आणि तिची दोन टोकं एकमेकांना चिकटवायची. पुस्तकाला गोंद किंवा चिकटपट्टी कुठेही लागता कामा नये. जुन्या कापडी बांधणीवरून चिकटपट्टी ओढली की वरचा थर सोबत निघतो. पट्टीवर पाठवणारं ग्रंथालय, मागणारं ग्रंथालय, विनंतीक्रमांक, वाचकाची परतीची तारीख आणि तात्पुरता बारकोड. मूळ बारकोड तिच्याखाली झाकला जाऊ नये, म्हणून पट्टी कुठून फिरवायची हे चौघांनी ठरवून घ्या. वाचकाला सांगायचं की पट्टी काढू नका. तरी काही जण काढतातच, म्हणून मूळ बारकोड स्कॅन केल्यावरही विनंती सापडली पाहिजे, असा आग्रह धरा.

प्रत्येक पुस्तकाला वेगळं पाकीट कशाला? चार ग्रंथालयांत ठरलेल्या दिवशी एकच फेरी ठेवा आणि कापडी पिशव्या किंवा झाकणाचे क्रेट वापरा, एका ग्रंथालयासाठी एक. पुस्तकं उभी नव्हे, आडवी रचा, मोठी खाली. पावसाच्या दिवसांत आत प्लॅस्टिकचं अस्तर हवंच. स्कॅन चारच : निघालं, पोचलं, परत निघालं, परत जमा. यातला एक जरी चुकला तरी पुस्तक नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही, आणि भांडणं तिथेच होतात.

ई-पुस्तकंही अशीच एकमेकांना देता येतील का?
(एक पदव्युत्तर विद्यार्थी)

बहुधा नाही. छापील पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं असतं, ते उसनं देता येतं. ई-पुस्तक ग्रंथालयाने परवान्यावर घेतलेलं असतं, आणि बहुतेक परवान्यांत वापर त्या विद्यापीठाच्या सदस्यांपुरताच असतो. काही प्रकाशक एखादं प्रकरण आंतरग्रंथालयीन देवघेवीत द्यायला परवानगी देतात, काही देत नाहीत. नव्या परवान्यांच्या वाटाघाटी चौघांनी एकत्र केल्या आणि हे कलम लेखी मागितलं, तर एकट्याने मागण्यापेक्षा मिळायची शक्यता जास्त. परवान्यावर सही होण्याआधी मागा. नंतर कोणी ऐकत नाही.

वर्षभराने कुलगुरू विचारतील, 'उपयोग काय झाला?' काय मोजून ठेवावं?
(पहिल्या प्रश्नाचे ग्रंथपाल, दुसऱ्या पत्रात)

किती पुस्तकं गेली-आली, हा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण त्यावरून व्यवस्था कशी चालली आहे हे कळत नाही. दोन गोष्टी मोजा. शंभर विनंत्यांपैकी किती पुऱ्या झाल्या, आणि वाचकाने मागणी नोंदवल्यापासून पुस्तक त्याच्या हातात पडेपर्यंत किती दिवस गेले. घड्याळ वाचकाने बटण दाबलं तेव्हापासून लावा, तुमच्या कर्मचाऱ्याने विनंती स्वीकारली तेव्हापासून नको. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवा हे एक स्वतंत्र सूत्र आहे, आणि सगळ्यांच्या सोयीत तेच आधी विसरलं जातं. दिवसांची सरासरी काढू नका. दोन-तीन पुस्तकं महिनाभर अडकली की सरासरी बिघडते आणि बाकीच्यांचं चांगलं काम झाकलं जातं. निम्म्या वाचकांना किती दिवसांत मिळालं आणि दहापैकी नऊ जणांना किती दिवसांत, हे दोन आकडे द्या.

नामंजूर विनंत्यांची कारणं वेगवेगळी नोंदवून घ्या : बाहेर गेलेलं, गहाळ, न देण्याच्या यादीतलं, चौघांकडेही नसलेलं. गहाळ जास्त असतील तर साठा-पडताळणी लावा. न देण्याच्या यादीमुळे फार अडत असेल तर ती यादी कोणीतरी गुपचूप वाढवली आहे, ती तपासा. आणि चौघांकडेही नसलेल्या पुस्तकांची यादी दर महिन्याला, विनंत्यांच्या संख्येसकट, पुस्तक-खरेदी समितीकडे पाठवा. ती पुस्तकं कोण घेणार हे चौघांनी तिथेच वाटून घ्यायचं, आणि ज्याने मागितलं होतं त्या वाचकाला पुस्तक आल्यावर कळवायचं.